रोडग्यांबद्दल एकच ओळ

अकोला,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. शालिकभाऊस,

हर्षाचा नमस्कार. शकुनवहिनीला वेगळा नमस्कार, कारण तुझ्या नमस्कारातला अर्धा तू तिला देशील याचा मला भरवसा नाही.

पत्र पाहून हसशील. पण तुझा फोन आता हॉटेलचा झाला आहे. परवा लावला तर तुझ्या सुनेने, वर्षालीने उचलला आणि एकदम, "नमस्कार, निखारा अंगण, किती जणांचं टेबल लिहू?" पोरगी गोड बोलते, पण मला भावाशी बोलायचं होतं. म्हणून हे जुनं औषध काढलं. माझं लग्न झाल्यावर आपण पत्रंच तर लिहायचो.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी फुलांच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना तुमच्या हॉटेलचं वर्णन सुरू केलं. तुझ्या रोहितने जागा खरंच देखणी केली. तो पुण्याची नोकरी सोडून आला तेव्हा मी मनात म्हटलं होतं, पोरगं बिघडलं. पण इतकी वर्षं लोकांची घरं सजवणाऱ्याला स्वतःचं अंगण सजवायला मिळालं की काय होतं ते पाहिलं. लिंबाच्या झाडाला कंदील, शेणामातीने सारवलेल्या भिंती, त्यावर वहिनीच्या हातची चुन्याची बोटं, टमाट्याच्या कॅरेटना रंग देऊन केलेल्या बैठका. कापसाच्या काट्याच्या पारड्यात झेंडू. आणि फाटकाशी ते बुजगावणं, तुझा लग्नातला कोट घातलेलं. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "आमचे साळेबुवा लग्नात इतके सरळ उभे नव्हते." तो फोटो आता दुकानात लावला आहे.

टेबलावर छोटी शेगडी, सळ्यांना टोचलेली वांगी, कांदे, पनीर, आणि आपलं आपण भाजून घ्यायचं. याला बार्बेक्यू म्हणतात हे मला तिथे कळलं. आपण तेल्हाऱ्याच्या वाडीत बांधावर बसून तेच करायचो, फक्त नाव ठाऊक नव्हतं.

जेवण पोटभर झालं.

एक तक्रार मात्र आहे. ऑगस्टमध्ये तू अकोल्याला येऊन गेलास म्हणे. शेजारच्या पार्बताबाईने तुला बसस्टँडवर पाहिलं. तिथून माझं घर किती लांब, आणि तू चहालाही आला नाहीस. कारण लिही. नाहीतर मी स्वतःच एखादं कारण तयार करीन आणि ते तुला आवडणार नाही.

तुझी,
हर्षा


अमरावती,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षास आशीर्वाद.

पत्र मिळालं. शकुनने दोनदा वाचलं. कोटाचं वाचून ती हसली, मला काही हसू आलं नाही.

बुजगावण्यावर इतकं लिहिलंस, कंदिलांवर लिहिलंस, कॅरेटसुद्धा सोडली नाहीस. आणि मी राखेत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांवर एकच ओळ, तीही 'जेवण पोटभर झालं.' पोटभर तर स्टँडवरच्या आलूबोंड्यानेही होतं. तेल्हाऱ्याच्या पंचक्रोशीत कोणाला रोडग्यांचा नवस फेडायचा असला की लोक आधी शालिकरामला विचारायचे आणि मग तारीख धरायचे. हे तुला मी सांगावं? रोहितने नोकरी सोडली ती कंदिलांच्या भरवशावर नाही. बापाच्या हाताच्या भरवशावर सोडली. पाटीवर त्याने काय लिहिलंय ते तू वाचलंसच असशील, 'शालिकरामजींच्या हातचे रोडगे'. त्यासाठी मी वाडी मक्त्याने देऊन इथे येऊन बसलो.

मी शकुनला म्हटलं, बाई कशाने तरी रुसली. ती म्हणाली, भाऊबीजेची साडी फिकी वाटली असेल. नाहीतर तुम्हाला हात धुवायच्या नळाशेजारचं टेबल मिळालं, त्याचा राग असेल. जे काय असेल ते सरळ बोल.

सध्या गर्दी जरा कमी आहे. दसऱ्याला सुरू केलं तेव्हा पहिला महिनाभर सगळे नातेवाईक येऊन गेले आणि सगळे छान म्हणाले. आता जानेवारीत मोठं काम आहे. वकील गोपाळकृष्णसाहेबांनी त्यांच्या मुलीच्या, स्वरालीच्या साखरपुड्यासाठी सगळं अंगण घेतलं. दोनशे पानं, २६ तारखेला. त्यांनी फार वर्षांपूर्वी तेल्हाऱ्याला माझे रोडगे खाल्ले होते, अजून आठवण काढतात. अर्धं कोर्ट जेवायला येईल. ते एक जेवण चांगलं झालं की रोहित मार्गी लागला. नाही झालं, तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. पण नाही कसं होईल?

अकोल्याला बियाण्याच्या कामाने आलो होतो. बस पकडायची होती. तो विषय संपला.

शालिकराम


अकोला,
३ डिसेंबर २०२४

ती. भाऊस नमस्कार.

साडी चांगली आहे. नळाशेजारी बसल्याने हात धुवायची सोयच झाली. मी रुसले नाही.

आईने आपल्याला शिकवलं, ताटातल्या अन्नाला नाव ठेवायचं नाही. वाढणारा मीठ विसरला तरी पाणी पिऊन उठायचं. मी त्या दिवशी तेच केलं आणि पत्रातही तेच लिहिलं. तुझं उत्तर वाचल्यापासून मात्र मला चैन नाही. सगळे नातेवाईक येऊन छान म्हणून गेले असं तू लिहितोस. भाऊ, ते सगळे आपल्याच घरांत वाढले आहेत. छान म्हणाले खरे, पण दुसऱ्यांदा कोण आलं?

म्हणून आईची क्षमा मागून लिहिते. रोडगा वरून करपला होता आणि आत कणीक ओली होती. भाजीत मीठ इतकं की ह्यांनी तिच्यावर वरण ओतून घेतलं. वरणात मीठच नव्हतं, म्हणून दोन्ही मिळून कसंबसं खाल्लं गेलं. शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं. त्यांनी कंदिलाखाली पुष्कळ फोटो काढले आणि रोडगे ताटात तसेच ठेवून उठले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, हे अमरावतीने म्हणण्याआधी बहिणीने म्हटलेलं बरं.

आणखी एक गोष्ट आहे. खरं तर मला तीच लिहायची होती. निघताना मी मागे भट्टीकडे तुला सांगायला आले. तू गोवऱ्यांच्या आरावर वाकला होतास. तुझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक गोवरीला लागून धुमसत होतं. सुती कापड जळल्याचा वास मला पार नळापासून येत होता. मी ओढून विझवलं तर तू म्हणालास, "काय करून राह्यली वं? दुपट्टा कावून ओढते?" तुला पत्ताच नव्हता. तू, ज्याला लहानपणी आम्ही चोरून भाजलेल्या शेंगांचा वास विहिरीवरून यायचा.

भाऊ, तुला वास येतो का?

रागावलास तरी चालेल. पण याचं उत्तर दे.

हर्षा


अमरावती,
८ डिसेंबर २०२४

हर्षा,

वास येतो. सगळा येतो. भट्टीजवळ धूर असतो, कामाच्या घाईत दुपट्ट्याकडे कोण पाहतं?

तुला गॅसवरच्या पोळ्यांची सवय झाली, त्याला मी काय करू? आरावरचं अन्न आता तुला कच्चंच लागणार. भावाच्या घरी जेवून जायचं आणि घरी जाऊन त्याची चिरफाड करायची, हे आईने शिकवलं नव्हतं.

तुझं हे पत्र मी शकुनच्या हाती लागू दिलं नाही. रोहितला यातलं अक्षर कळवायचं नाही. आणि अशीच पत्रं लिहायची असतील तर लिहू नको.

शालिकराम


अमरावती,
९ जानेवारी २०२५

चि. हर्षा,

तू महिनाभर लिहिलं नाहीस. मीच सांगितलं होतं, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. तरी पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जात होतो.

परवा दुपारी मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात एकटाच होतो. गॅसचं बटण केव्हापासून उघडं राहिलं होतं कोण जाणे. मला चहा करायचा होता. काडेपेटी हातात घेतली आणि काडी काढत होतो, तेवढ्यात वर्षाली बाहेरून पळत आली, हातातली पेटी हिसकली आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. "बाबा, वास नाही आला तुमाले?" म्हणाली. मी म्हटलं, सर्दी झाली. तिने काडेपेटी परत दिली नाही.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर, नाही येत.

मागच्या वर्षी ताप येऊन मी खाटेवर पडलो होतो, तेव्हापासून गेला. चवही त्याच्याबरोबर गेली. चहा म्हणजे गरम पाणी, भाजी म्हणजे काहीतरी मऊ. मीठ मुठीने टाकतो आणि मग आपण टाकलं की नाही तेच कळत नाही. अकोल्याला आलो होतो तो डॉक्टरकडे. तो म्हणाला, येईल तर येईल, रोज लवंग आणि लिंबू हुंगत जा. हुंगतो. तुझ्याकडे आलो असतो तर तू चहा दिला असतास आणि कसा झाला म्हणून विचारलं असतंस. तू लहानपणापासून पोटातलं काढून घेणारी. म्हणून आलो नाही.

रोडगा राखेत पुरलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. वासावर काढायचा असतो. आधी ओल्या कणकेचा वास येतो, मग भाजक्या गव्हाचा, आणि तो आला की हात लवकर चालवावा लागतो, नाहीतर करपला. मी आयुष्यभर तसेच काढले. आता नुसता अंदाज.

गावात मी गुडघ्याचं निमित्त सांगून पंगती टाळत होतो. तेवढ्यात रोहित नोकरी सोडूनच आला. पाटी रंगवूनच आणली होती त्याने. इतका खुशीत होता की माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून झाकून बसलो. या हाताशिवाय माझ्याकडे दुसरं काय आहे, हर्षा? लोक मला त्यानेच ओळखतात.

आता काम सांगतो. आपल्याकडे बायांनी रोडग्याच्या आराजवळ यायचं नाही, तरी तू कुंपणाआडून ओरडायचीस, "भाऊ, करपून राह्यले." आणि तुझं बरोबर असायचं. भट्टीला लागून कोठीची खोली आहे, तिला खिडकी आहे. साखरपुड्याच्या दिवशी तू आत बस. वास बदलला की खोकायचं. मी काढीन. कोणाला कळणार नाही. रोहितलाही कळायला नको.

एवढं कर.

शालिकराम


अकोला,
१४ जानेवारी २०२५

ती. भाऊस,

तुझं पत्र मी दुकानात, शेवंतीच्या ढिगाशेजारी बसून वाचलं. शेवंतीचा वास एकदम नकोसा झाला. तू वर्षभर एकटा हे घेऊन बसला होतास आणि मी तुला करपलेल्या रोडग्यांचा हिशेब देत होते. मला फार वाईट वाटलं.

पण मी खोकणार नाही.

मी येईन. दोन दिवस आधी येईन. कोठीत मात्र बसणार नाही, आराजवळ बसेन, सगळ्यांच्या समोर. रिवाजाचं काय ते मी बघते. या वयाच्या बाईला तिथून उठवायला कोण येतो ते पाहू. त्याआधी तू रोहितला सांगायचं. तू स्वतः.

एक दिवस माझ्या खोकल्यावर निघेल. पुढच्या रविवारी कोण खोकणार? त्या पोराने तुझ्या हातावर संसार मांडला आहे, तर हात कसा आहे हे त्याला कळायला हवं. आज कळलं तर तो काही तरी वळण घेईल, माणूस ठेवील, नाहीतर परत नोकरीला जाईल. उशिरा कळलं तर तुझ्यावर चिडायलाही त्याच्याकडे काही उरणार नाही. आणि कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, भाऊ. वर्षालीने ते काडेपेटीच्या दिवशीच पाहिलं असणार.

पंचवीस तारखेपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. मी तुला धमकी देते आहे असं वाटलं तर तसं समज.

तिळगूळ सोबत आहे. आज गोड बोलायचा सण आहे, म्हणून एवढ्यावरच थांबते.

तुझी,
हर्षा


अमरावती,
२ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षा,

साखरपुड्याचं तुला सांगायला नको. तू आराजवळ पाट टाकून बसलीस, "काढ" म्हणालीस की मी काढत गेलो. वकिलांच्या घरच्या बायका येऊन पाहून गेल्या. कोणी काही बोललं नाही, उलट एकीने तुला पाणी आणून दिलं. रोडगे आत शिजलेले होते, हे मी फोडून डोळ्यांनी पाहिलं.

तू आलीस तेव्हा मी फक्त 'सांगितलं' एवढंच म्हणालो आणि तूही पुढे विचारलं नाहीस. ते आज लिहितो.

तू यायच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे अंगणात होतो. रोहित कंदिलांच्या काचा पुसत होता. मी म्हटलं, "रोहित, मले वास येत नाही. चवही नाही. वर्ष होऊन गेलं." तो काच पुसतच राहिला. मला वाटलं, ऐकलं नाही. मग म्हणाला, "बाबा, मले माहीत हाये."

"कधीपासून?"

"दसऱ्याले पयला रोडगा खाल्ला तवापासून."

"मंग बोलला कावून नाही?"

"तुमच्या हातच्या अन्नाले कोनी कधी नाव ठेवलं काय, बाबा? म्या कसं ठेवू?"

शकुन तिथेच उभी होती. तिने पदराने डोळे पुसले, आणि मग एकेक निघालं. मी भट्टीकडे गेलो की ती मागून वरणात मीठ टाकायची, भाजीत पाणी आणि आलू. ज्या दिवशी तुम्ही जेवलात त्या दिवशी ती देवळात गेली होती. वर्षाली उष्टी ताटं मागच्या दाराने न्यायची, माझ्या समोरून न्यायची नाही. अर्धे रोडगे गल्लीतल्या गाई खात होत्या. रोहितने पुण्याच्या जुन्या साहेबांशी बोलणंही सुरू केलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे रोज माझ्या तोंडावर छान म्हणत होते. मी त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते माझ्यापासून.

पोरगा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

हॉटेलचं उन्हाळ्यापर्यंत बघू म्हणतो. शकुन आता आराजवळ बसते, शिकते आहे. पाटीवरचं माझं नाव पुसून टाक म्हटलं, त्याने ऐकलं नाही. मग मीच ओल्या फडक्याने पुसलं. रंग चांगला होता, वेळ लागला.

आता जे मला खातं आहे ते लिहितो. साखरपुड्याच्या दिवशी वकीलसाहेब माझा हात धरून म्हणाले, "वा शालिकरामजी, तीच जुनी चव." पूर्वी असं कोणी म्हटलं की मी दोन दिवस त्यावर चालायचो. या वेळी मी त्यांच्या ताटाकडे पाहिलं. अर्धा रोडगा शिल्लक होता. त्यांचं पोट भरलं असेल. नाहीतर आवडला नसेल. मला ठरवता येत नाही.

चार महिने माझी बायको, माझा मुलगा मला खोटं छान म्हणाले, प्रेमापोटी म्हणाले. मग त्याच्या आधीचं काय? इतक्या वर्षांच्या इतक्या पंगती, सगळे छान म्हणूनच उठले. सगळ्यांच्याच आयांनी तेच शिकवलं होतं, अन्नाला नाव ठेवायचं नाही. त्यातलं खरं कोणतं होतं, हे आता मी कसं ओळखू? स्वतः चाखून पाहीन म्हटलं तर ते दार बंद. डोळे मिटून आठवायला बसतो, तर पंगत दिसते, माणसं दिसतात, चव काही आठवत नाही.

मला तोंडावर वाईट म्हणणारी तू एकटी निघालीस. म्हणून तुलाच विचारतो. माझे रोडगे कधी चांगले होते का? मला बरं वाटावं म्हणून लिहू नको.

शालिकराम


अकोला,
७ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊस,

पत्र आज आलं, आजच लिहिते.

भाजीत तेल तू नेहमीच जास्त घालायचास. आई तुझी पाठ वळली की वाटीने वरचं काढून घ्यायची. वरण तुला कधीच जमलं नाही. पंगतीत वाढायला मी असायचे, लोक वरणाला हात आडवा करायचे ते मी पाहिलं आहे. एका वर्षी पाटलांच्या नवसाला गोवऱ्या ओल्या निघाल्या आणि रोडगे धुरकटले. ते सगळ्यांनी गिळले आणि तुला छान म्हणून सांगितलं. मीही सांगितलं.

माझ्या मांडवाच्या दिवशीचे रोडगे तू केले होतेस. मी पाटावर बसलेली, मला त्या दिवशी काही खाता आलं नाही. निघताना तू फडक्यात चार बांधून माझ्या पिशवीत टाकलेस. इथे आल्यावर दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि नव्या सुनेला भूक लागली आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं. मी मागच्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि एक रोडगा फोडला. शिळा होता, तूप नव्हतं, सोबत भाजी नव्हती. तो मी उभ्या उभ्या सगळा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. उरलेले दोन लुगड्यांच्या घडीत लपवले, ह्यांनाही दिले नाहीत, आणि पुढचे दोन दिवस तोडून तोडून पुरवले.

त्या खोलीत मी एकटी होते, भाऊ. छान म्हणून दाखवायला समोर कोणीच नव्हतं.

तुझी,
हर्षा